पांढऱ्या मेंढरांचा सिनेमा

माझी नात पुण्यात शिकते. डिसेंबर लागला की ती मला फोनवर नाताळचे सिनेमे बघायला लावते. सगळ्यांना ठाऊक असलेले तिला चालत नाहीत. कुठल्या तरी थंड देशातले, फारसे कुणी न पाहिलेले, शोधून काढलेले असेच ती पाठवते, आणि मीही बघते, खोटं कशाला बोलू. एक होता एका बेटावरच्या विधवा बेकरीवालीचा. ऐन नाताळच्या आदल्या दिवशी तिची भट्टी ढासळते आणि सगळं गाव आपापल्या चुलीवर तिचे पाव भाजून देतं. दुसऱ्या एकात दोन सख्खे भाऊ बांधावरून वर्षानुवर्षं बोलत नसतात आणि बर्फात एकाच गाडीत अडकून पडतात. तो बघताना मला पुसेगावातलीच चार घरं आठवली. हे सिनेमे शोधून बघण्यासारखे आहेत, नाही असं नाही. पण शेवटी सगळे एका टेबलाशी बसतात, बाहेर बर्फ पडतो, आणि कुणी कुणावर रागावलेलं उरत नाही. तिथे मी फोन बंद करते.

परवा नात म्हणाली, आजी, दरवेळी मीच सांगते, आता तुला माहीत असलेला एखादा तू सांग. मी म्हटलं, आहे एक. तुझ्या त्या सगळ्या सिनेमांपेक्षा कमी लोकांना ठाऊक असलेला. आमच्या वस्तीवर काढलेला, मराठी, आणि त्यात तुझ्या पणजीच्या मेंढ्या आहेत. ती हसायला लागली. तिला वाटलं म्हातारी चेष्टा करते आहे. मी चेष्टा करत नव्हते. इतकी वर्षं झाली तरी त्या सिनेमाचा माझा राग निवलेला नाही, आणि तो निवावा असं मला वाटतही नाही. म्हणून हे प्रकरण लिहिते आहे. आईबापांबद्दल गोड गोड वाचायची ज्यांना सवय असेल त्यांनी सरळ पुढची पानं उलटावीत.

आमची वस्ती पुसेगावच्या अलीकडे, माळाच्या कडेला. दोन खोल्यांचं मातीचं घर, पुढे अंगण, आणि अंगणाला लागून काटेरी कुंपणाचा वाडा, त्यात मेंढरं. घराला मेंढरांचा वास आहे हे मला हिंगोलीला शिकायला गेल्यावर कळलं, तेही दुसऱ्या पोरींनी नाकं मुरडली म्हणून. पहाटे पहिला आवाज यायचा तो मेंढरांच्या खोकण्याचा. माणसासारखंच खोकतात ती. मग जात्याची घरघर, मग चुलीवर तव्याचा आवाज, आणि मग बाचं गुणगुणणं. ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी हे आमचं रोजचं खाणं. हिवाळ्यात सकाळी ताकातल्या कण्या, आणि पाहुणा आला तर येसराची आमटी. मेंढी व्याली की पहिल्या चिकाचा खरवस व्हायचा. माय तो आधी वाड्याच्या दाराशी ठेवायची आणि मग आमच्या ताटात वाढायची.

मोठा कळप मोठेबांकडे असायचा. मोठेबा म्हणजे माझे थोरले चुलते. हिवाळा लागला की ते कळप घेऊन कनेरगाव नाक्यावरून वाशीमच्या अंगाला निघायचे. तिकडचे शेतकरी रानात मेंढरं बसवून घ्यायचे, लेंडीखतासाठी, आणि बदल्यात धान्य द्यायचे. बा घरी राहायचा, कारण थोडी जमीन होती आणि त्याला चालायचा कंटाळा होता. ज्या मेंढ्या गाभण आणि दिवस भरत आलेल्या, त्याही घरीच राहायच्या. सिनेमा काढला त्या हिवाळ्यात घरी राहिलेल्या सगळ्या मेंढ्या मायच्या होत्या.

मायच्या म्हणजे खरोखर मायच्या. आमच्यात लेकीला लग्नात मेंढ्या देतात. त्यांना झालेली पिल्लं तिची, लोकर तिची. घरचा कुणी गडी त्यांच्यातली एक विकायची म्हणाला तरी तिला विचारल्याशिवाय दावं सोडत नाही. मोठेबा तसे तापट, पण मायची मेंढी लंगडताना दिसली तरी ओट्यावर येऊन विचारायचे, गिरजे, हिच्या खुरात काटा हाय, काढू का. माझी पाटी आणि दप्तर त्याच लोकरीतून आलं, आणि पुढे हिंगोलीच्या वसतिगृहातली गादीसुद्धा. मायनं प्रत्येकीला नाव ठेवलं होतं. कोळशी सगळ्यांत थोरली, मग काजळी, तितरी, भुरकी, आणि बाकीच्या. दख्खनी मेंढ्या त्या, काळ्याभोर. भुरकीच्या कपाळावर पांढरा ठिपका होता, तेवढाच काय तो पांढरेपणा. संध्याकाळी माय घशातून एक लांब हेल काढायची, आणि माळाच्या दुसऱ्या टोकाला असलेली कोळशी मान वर करून उत्तर द्यायची.

आता बाबद्दल. बा लबाड नव्हता, दारूडा नव्हता, त्यानं मायवर कधी हात टाकला नाही. बा हौशी होता. त्याला सिनेमाचं वेड होतं. हिंगोलीला नवा सिनेमा लागला की बैलबाजाराचं निमित्त काढून जायचा आणि दुसऱ्या दिवशी अंगणात उभा राहून सगळी गोष्ट आम्हाला करून दाखवायचा, तलवारीसकट. आम्ही लेकरं त्याच्यावर लट्टू होतो. माय भाकरी थापता थापता ऐकायची आणि मध्येच विचारायची, मग त्या बाईचं पुढं काय झालं. बाला ते कधी आठवायचं नाही. त्याला हिरोचंच आठवायचं.

आमच्या शाळेत शांतवन मास्तर म्हणून होते. मूळचे कळमनुरीकडचे, आम्हाला मराठी शिकवायचे, सायकलवरून यायचे. त्यांच्या चर्चच्या ओळखीतून पुण्याची काही माणसं नाताळचा सिनेमा काढणार होती, मराठीत, खेडोपाडी पडद्यावर दाखवायला. मास्तरांनी त्यांना सांगितलं की आमच्या पुसेगावकडचा माळ बघा, दगड आहे, काटा आहे, मेंढपाळ आहेत, त्या पवित्र देशासारखंच दिसेल. म्हणून एका सकाळी एक जीप आली. तिच्यातून कॅमेरा उतरला, चंदेरी पत्रे उतरले, आणि एक सडपातळ, गोड बोलणारे डायरेक्टर साहेब उतरले. सगळी वस्ती गोळा झाली. मायनं पहिल्या दिवशी त्या सगळ्यांना भाकरी आणि ठेचा करून घातला. लेकराच्या जन्माचा सिनेमा हाय म्हने, चांगलं हाय, असं ती मला म्हणाली. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढे लोकांनी मायच्या तोंडी नको ते घालू पाहिलं.

साहेबांना तीन मेंढपाळ हवे होते. आकाशात तेज दिसतं, देवदूत येतो, मेंढपाळ घाबरतात आणि मग बाळ बघायला निघतात, एवढा प्रसंग. बाची छाती रुंद, दाढी भरघोस. साहेबांनी त्याच्याकडे एकदाच पाहिलं आणि म्हणाले, हा मधला. त्या रात्री बा जेवला नाही. घोंगडं एकदा उजव्या खांद्यावर, एकदा डाव्या खांद्यावर टाकून अंगणात चालून बघत होता. आम्ही सगळे हसलो, मायही हसली.

दुसऱ्या दिवशी माय सकाळीच ओढ्यापलीकडच्या रानात कापूस वेचायला गेली. साहेब आमच्या वाड्याशी आले, आत डोकावले, आणि त्यांचा चेहरा उतरला. पांढऱ्या नाहीत का, त्यांनी विचारलं. शांतवन मास्तर म्हणाले, साहेब, आमच्याकडं अशाच असतात, आणि त्या देशातही काळ्या असतीलच की, कोण बघायला गेलंय. साहेब म्हणाले, मास्तर, कॅलेंडरवर कधी काळी मेंढी पाहिलीत का. लोकांच्या मनात चित्र ठरलेलं असतं. शिवाय आपला प्रसंग तिन्हीसांजेचा, काळं जनावर दिसणारच नाही. मास्तर गप्प बसले. त्यांनी तेव्हा गप्प बसायला नको होतं. पुढे त्यांनी पुष्कळ केलं, पण ते तेव्हा गप्प बसले हेही खरं आहे.

तोड बानंच काढली. आमच्यात दिवाळीच्या पाडव्याला मेंढरं ओवाळतात. त्यांच्या कपाळाला आणि पाठीवर काव लावतात, तांबडी, हाताच्या पंजाएवढी. वर्षानुवर्षं लावत आलो, कधी कुठल्या जनावराला काही झालं नाही. बा म्हणाला, साहेब, पाडव्याला आमी रंगवतोच की, तांबडा काय आन् पांढरा काय, रंग म्हंजे रंग. ही चूक मेंढपाळच करू शकतो. दुसऱ्या कुणी जनावराला रंग फासायचा म्हटलं असतं तर दहादा विचार केला असता. बाला तो सणच वाटला. आधी त्यांनी खडूची भुकटी लावून बघितली, ती लोकरीवर टिकेना. मग कुणाला तरी शाळेच्या भिंती पोतून उरलेला चुना आठवला. कळीचा चुना. तो पिंपात भिजवला, त्यात डिंक कालवला. पिंपातून वाफा निघत होत्या. बानं बोट बुडवून पाहिलं आणि म्हणाला, कोमट हाय, थंडीत जनावराला बरंच वाटंल.

कातरणी नुकतीच झाली होती. लोकर बोटाच्या पेराएवढीसुद्धा वाढलेली नव्हती. खाली सरळ कातडी. आणि आत पोटात दिवस भरत आलेली पिल्लं. मी बाच्या समोर उभी राहिले आणि म्हटलं, मायला इचारा आधी. तो म्हणाला, तिला काय इचारायचं, सिनेमात यायलेत तिच्या मेंढ्या, खूस होईल ती. मी म्हटलं, तरी इचारा. मग तो सगळ्यांसमोर ओरडला, शाळा शिकाया लागली म्हून बापाला शिकवून राहिली व्हय. सगळे हसले. दोन माणसांनी कोळशीला धरलं आणि झाडूनं तिच्यावर चुना ओढायला सुरुवात केली. ती ओरडली नाही, नुसती थरथरत उभी राहिली. मी ओढ्याकडे पळत सुटले.

माय आली ती कमरेला कापसाची ओटी तशीच बांधून. ती मोकळी करायलाही ती थांबली नाही. माळावर आलो तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. एका बाजूला कॅमेरा, समोर तीन मेंढपाळ, मधला माझा बा, डोक्याला पट्ट्यापट्ट्यांचं फडकं, हातात काठी. त्याच्या पायाशी पांढरी मेंढरं. मायनं त्यांच्याकडे पाहिलं आणि तिला ती ओळखूच आली नाहीत. तिला वाटलं ही पुण्याहून आणलेली. ती इकडेतिकडे बघत मला म्हणाली, आन् माझ्या कुठं हायेत? तिचा आवाज ऐकून त्या पांढऱ्या मेंढरांतल्या एकीनं मान वर केली आणि उत्तर दिलं. ती कोळशी होती. मायच्या ओटीतला कापूस तिथेच खाली पडला.

ती सरळ आत चालत गेली. साहेब कॅमेऱ्यामागून म्हणाले, ताई, ताई, एवढा एकच शॉट, ऊन चाललंय. ते वाईट बोलले नाहीत. हात जोडून बोलले. मायनं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती बाला म्हणाली, "ह्या गाभण हायेत. तुमाला ठाव न्हाई व्हय?"

बा दबक्या आवाजात म्हणाला, "मी शबूद दिला हाय लोकाईला. चारचौघांत माझी इज्जत घालू नको. गप उभी ऱ्हाय तिकडं, झालं की धू म्हनं."

आणि माय उभी राहिली. कॅमेऱ्याच्या मागे, माझ्याजवळ, दोन्ही हात पदरात गुंडाळून. शब्द बानं दिला होता, मेंढ्या तिच्या होत्या, आणि थांबली ती. एकदा झालं, साहेबांचं समाधान झालं नाही, परत केलं. मेंढरं सारखी मान झटकत होती म्हणून परत. शेवटी ऊन गेलं तेव्हा संपलं. माझ्या आयुष्यात पुढे पुष्कळ ठिकाणी पुष्कळ बायकांना मी अशा उभ्या राहिलेल्या पाहिल्या, आणि दरवेळी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

हा सिनेमा आता फोनवर मिळतो. कुणीतरी जुनं रीळ शोधून तो टाकला आहे. नातीला मी तो प्रसंग दाखवला. बा त्यात चांगला दिसतो, हेही सांगायला हवं. वर बघतो तेव्हा खरंच काहीतरी दिसल्यासारखा बघतो. पण बाचं तोंड सोडून खाली बघा. एक मेंढी दगडाला अंग घासते आहे. दुसरी तोंड उघडून जीभ बाहेर काढते आहे. देवदूताचा आवाज चालू आहे, आणि ती जीभ काढते आहे. खाली कुणीतरी लिहिलं आहे, किती सुंदर शुभ्र मेंढ्या, डोळे निवले. नात म्हणाली, आजी, तू खाली उत्तर लिही. मी म्हटलं, काय लिहू? शेवटी लिहिलं नाही. इथे लिहिते आहे.

त्या संध्याकाळी बानं मेंढरं ओढ्यावर नेऊन धुतली. माय म्हणत होती, पुसून काढा, शेणीच्या राखेनं कोरडं करा, थंडीत पान्यात घालू नका. पण बाला घाई होती, कारण साहेबांनी रात्री सगळ्यांना जेवायला बोलावलं होतं. ओली मेंढरं वाड्यात आली. माय आणि मी पोती घेऊन त्यांची अंगं पुसत बसलो. चुना निघत नव्हता, आणि जिथे निघाला तिथे खाली कातडी लाल झाली होती. दुसऱ्या दिवशी जीप गेली. जाताना साहेब मायला नमस्कार करून गेले. त्यांनी वाड्यात डोकावलं नाही.

मग खोकला सुरू झाला. काजळीनं चारा सोडला. तितरीनं गाभ टाकला, मग भुरकीनं. अंगावर ना लोकर, ना डोळे नीट उघडलेले, अशी ती पिल्लं मायनं पदरात घेऊन माळाच्या कडेला पुरली. तिनं मला तिथे येऊ दिलं नाही. कोळशी शेवटपर्यंत उभी होती. मेंढी बसली की संपली, हे तिला ठाऊक असल्यासारखी उभी होती. एका सकाळी ती वाड्याच्या दाराशी आडवी मिळाली, पोटातल्या पिल्लासकट. निम्म्याहून जास्त मेंढ्या गेल्या. ज्या जगल्या त्यांच्या पाठीवर पुढे लोकर आली तीही ठिगळाठिगळांची.

शांतवन मास्तर रोज यायचे. हळद आणि करंजीचं तेल घेऊन यायचे आणि मायच्या बरोबरीनं वाड्यात बसून मेंढरांच्या अंगाला लावायचे. एकदा म्हणाले, अक्का, मी तेव्हा बोलायला पाहिजे होतं. माय म्हणाली, व्हय, पाहिजे व्हतं. एवढंच. पण त्यांना तिनं चहा कधी चुकवला नाही. आणि बा? बा म्हणायचा, थंडीनं मेली. आल्यागेल्याला तेच सांगायचा. औंदा थंडी लई बेकार, बाबा, निम्मी मेंढरं गेली. मला विचाराल तर चुन्यापेक्षा या एका वाक्याचा राग मला जास्त आहे. चुना लावला तेव्हा त्याला कळलं नाही, हे मी समजू शकते. नंतर त्याला सगळं कळलं होतं.

मोठेबा कळप घेऊन परत आले आणि त्यांनी वाड्याची दशा पाहिली. ते संतापले, ते बरोबरच होतं. पण दुसऱ्या दिवशी त्यांच्यासोबत गावातली चारपाच माणसं आली. त्यांतला एकजण दारातून मायला म्हणायला लागला, हे किरिस्तावाचं काम, बाटवायला आले व्हते, मास्तरला आधी गावातून काढा, तुमी फक्त हो म्हना. मायच्या मेलेल्या मेंढ्यांवर स्वतःची पोळी भाजून घ्यायला आलेली ती माणसं मला अजून दिसतात. त्यांच्यातल्या एकानंही वाड्यात जाऊन एक मेंढी चाचपून पाहिली नव्हती. माय चुलीपुढून उठली, दारात आली, आणि म्हणाली, "देवाचं नाव मधी घेऊ नका. मेंढरं चुन्यानं मेली. चुना माझ्या घरच्या मानसानं लावला. मास्तरला हात लावसान तर माझ्या दारात पाय ठेवू नका." बा अंगणात खाटेवर बसला होता. त्यानं मान वर केली नाही. ती माणसं गेली, आणि मोठेबांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

वर्षभर माय बाशी कामापुरतं बोलली. भाकरी वाढायची, कपडे धुवायची, रानात जायची. त्याची सिनेमाची गोष्ट मात्र तिनं पुन्हा ऐकली नाही. तो अंगणात सुरू झाला की ती घागर उचलून पाण्याला निघायची. बाला वाटायचं, होईल शांत, बाया होतातच शांत. तो मला एकदा म्हणाला, तुझी माय लई मनाला लावून घेते, मेंढरं काय पुन्हा होत न्हाईत व्हय. मी त्याला म्हटलं, तिच्यापुढे बोला हे. तो तिच्यापुढे बोलला नाही.

पुढच्या डिसेंबरात निरोप आला. सिनेमा तयार झाला आहे, नाताळच्या आधी कळमनुरीला चर्चच्या मैदानात दाखवणार आहेत, मेंढपाळांना खास बोलावणं. बानं धोतर निळीत घातलं. वस्तीवरची माणसं टेम्पो करून निघाली, कारण आपला माणूस पडद्यावर दिसणार होता. मायला कुणी चल म्हटलं नाही. टेम्पो सुटायच्या वेळी ती आली, पदर खोचला, आणि माझ्या शेजारी चढून बसली. बानं तिच्याकडे पाहिलं आणि त्याचं तोंड खुललं. त्याला वाटलं, निवळली.

दिवेलागणीची वेळ. मैदानात एका बाजूला गडी, एका बाजूला बाया, मधे टेबलावर मशीन, समोर दोन बांबूंना बांधलेली चादर. चर्चच्या बायांनी सगळ्यांना करंज्या आणि चहा दिला. आमच्या पोरांनी तर दोनदा घेतलं. साहेब आले होते. त्यांनी चार शब्द बोलायला सुरुवात केली. आभार मानले, मेंढपाळ बांधवांची नावं घेतली. बाचं नाव घेतल्यावर टाळ्या पडल्या, तो उठून उभा राहिला. मेंढ्या कुणाच्या ते साहेब बोलले नाहीत. ते विसरले असतील. मी त्यांना माफ करत नाही.

सिनेमा सुरू झाला. माय मन लावून बघत होती. त्या अवघडलेल्या बाईला कुणी जागा देत नाही, तिचा नवरा दारोदार फिरतो, हे आलं तेव्हा तिनं जीभ टाळ्याला लावून चक् केलं, जशी ती कुणाही अडलेल्या बाईसाठी करायची. मग माळ आला. आमचा माळ. लोक ओरडले, आपलं हाय, आपलं हाय. आणि मग मेंढरं आली. पांढरीफेक, त्या काळोखात उजळलेली. बायांमधून कुणी म्हणालं, काय देखनी मेंढरं हायेत वो. टाळ्या वाजायला लागल्या.

माय उठली. मला वाटलं ती बाहेर निघाली. ती बायांच्या मधून वाट काढत मशीनपाशी गेली आणि त्याच्या समोर जाऊन उभी राहिली, उजेडाकडे तोंड करून. चादर काळी झाली. सगळा माळ आणि सगळी मेंढरं तिच्या लुगड्यावर आली. टाळ्या थांबल्या. मशीनवाल्या पोरानं मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी त्याला हातानं खूण केली, राहू दे म्हणून.

माय मोठ्यानं बोलली नाही, पण मैदान इतकं गप्प झालं होतं की शेवटच्या माणसाला ऐकू गेलं. "ही मेंढरं पांढरी न्हाईत. काळी हायेत. माझ्या बापानं मला देल्ली. मोहरं हाय ती कोळशी. तिच्या मागं काजळी, तितरी. ह्याईला गाभण असताना चुना फासला, मला न इचारता. ती थंडीनं मेली न्हाईत."

साहेब खुर्चीवर होते, त्यांनी तोंडावर हात ठेवला होता. मशीन घरघरत होतं, देवदूत बोलत होता, भिऊ नका, भिऊ नका. आता मेंढपाळांची तोंडं जवळून येणार होती. पहिला येऊन गेला असेल, तो कुणाला दिसला नाही. तेवढ्यात गड्यांच्या बाजूनं काळोखातून एक आवाज आला.

"ये बाई, हट की तिथून. दिसून न्हाई राहिलं."

दोनचार माणसांनी वळून पाहिलं, कोण बोललं म्हणून. मला वळून बघायची गरज नव्हती. तो बा होता. बायकोला, सगळ्या मैदानासमोर, परक्या बाईला म्हणावं तसं बाई म्हणाला, कारण आता त्याची पाळी होती.

मायनंही आवाज ओळखला. ती त्या बाजूला वळली नाही. उजेडात डोळे मिटून, दोन्ही हात मोकळे सोडून ती म्हणाली, "दिसू नये म्हनूनच उभी हाय."

आणि ते रीळ संपेपर्यंत ती तिथून हलली नाही.